‘बरंय’ म्हणजे नेमकं किती? अ‍ॅलर्जीची सर्दी घरच्या घरी मोजताना

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर दोन हिशेब चालतात. तारखेच्या चौकटीत वरच्या कोपऱ्यात दुधाचा, म्हणजे एक लिटर, दीड लिटर, खाडा. खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने माझ्या नाकाचा: ३४, ४१, १८, ६२. पाहुणे विचारतात, हे काय, शेअरचे भाव का?

हा दुसरा हिशेब एका ओशाळवाण्या प्रसंगातून सुरू झाला. तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे तपासून घ्यायला गेलो होतो. मॅडमनी विचारलं, “कसंय आता?” मी म्हणालो, “बरंय.” शेजारी बसलेली बायको फिस्कारली, “बरं कसलं? पहाटे साडेचारला शिंका सुरू होतात, अख्खी बिल्डिंग उठते.” मॅडमनी शांतपणे विचारलं, “आठवड्यातून किती दिवस?” बायको म्हणाली रोज, मी म्हणालो एखाद-दुसरा. खरं काय ते दोघांनाही सांगता येईना. आदले दोन-तीन दिवस बरे गेले होते, त्यांच्या जोरावर मी अख्खे तीन महिने पास करून टाकले होते. बायकोने एका वाईट पहाटेवरून तेच तीन महिने नापास केले होते. डॉक्टरने औषध वाढवायचं की कमी करायचं, हे या पुराव्यावर ठरवायचं?

तेव्हा हा लेख त्यांच्यासाठी, ज्यांना डॉक्टरांनी ‘अ‍ॅलर्जिक ऱ्हायनायटिस’ असं निदान सांगितलंय, औषधं लिहून दिलीत, आणि ती लागू पडतायत की नाही हे ज्यांना कळत नाही. मी डॉक्टर नाही, पुण्यात राहणारा जुना शिंकरा आहे. निदान आणि औषध त्यांचं काम. मोजणं आपलं, कारण ते दुसरं कुणी करूच शकत नाही.

आधी रिपोर्टचा गैरसमज काढून टाका

मोजायचं म्हटलं की लोक लॅबचा कागद काढतात. “माझं आयजीई (अ‍ॅलर्जीत वाढणारं रक्तातलं प्रतिपिंड) ८०० च्या वर आलंय” हे वाक्य आपल्याकडे साखरेच्या आकड्याइतक्या सहजपणे बोललं जातं. पण रक्तातलं आयजीई किंवा हातावर टोचून केलेली चाचणी सांगते ती एवढंच, की तुमचं शरीर कशावर चिडण्याच्या तयारीत आहे. आज नाक किती गळतंय हे त्या कागदाला ठाऊक नसतं. चाचणीत धुळीतल्या किड्यांना भलीमोठी गांधी उठलेला माणूस मजेत फिरत असतो आणि किरकोळ गांधीवाला रुमाल पिळत असतो. शिवाय एकूण आयजीई पोटात जंत असले तरी वाढतं, इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशीही. निदानाच्या वेळी या तपासण्या उपयोगी आहेत. दर दोन महिन्यांनी त्याच करून ‘किती उतरलं’ बघायचं, तर ते पैसे वाया.

दुसरा गोंधळ तीव्रता आणि नियंत्रण यांचा. आजार मुळात किती जोरदार आहे ही तीव्रता. चालू असलेल्या उपचारानंतर उरलेला त्रास किती, हे नियंत्रण. मूळ आजार जोरदार असूनही माणूस पूर्ण नियंत्रणात असू शकतो, आणि ‘साधी सर्दी’ म्हणून दुर्लक्ष केलेला माणूस अजिबात नियंत्रणात नसतो. आपण मोजणार आहोत ते नियंत्रण.

पायरी पहिली: आपण कुठल्या खणात बसतो ते बघा

१९९९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या एका कार्यशाळेतून ‘एरिआ’ नावाचा आंतरराष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. नाकाची अ‍ॅलर्जी आणि दमा एकत्र बघायचे, ही त्याची मूळ कल्पना. जगभरचे डॉक्टर आज जे वर्गीकरण वापरतात ते त्याचंच, आणि ते करायला दोन मिनिटं लागतात.

त्रास आठवड्यातून ४ पेक्षा जास्त दिवस आणि सलग ४ आठवड्यांहून जास्त काळ असेल, तर तो ‘सततचा’. नाहीतर ‘अधूनमधूनचा’. मग चार प्रश्न: झोप मोडते का? रोजची कामं, खेळ, फिरणं अडतं का? शाळेत किंवा ऑफिसात परिणाम होतो का? त्रास नकोसा होतो का? चारही उत्तरं ‘नाही’ असतील तर सौम्य. एकही ‘हो’ आलं तर मध्यम ते तीव्र.

हा पत्ता झाला. वर्षातून एकदा बघितला तरी पुरे.

पायरी दुसरी: दहा सेंटिमीटरची रेघ

सगळ्या मोजण्यांत मला ही सर्वांत आवडते, कारण तिला अक्कल लागत नाही, फूटपट्टी लागते.

कोऱ्या कागदावर बरोबर १० सेंटिमीटरची आडवी रेघ मारा. डाव्या टोकाला लिहा ‘अजिबात त्रास नाही’, उजव्या टोकाला ‘असह्य त्रास’. मध्ये काहीही लिहायचं नाही, आकडे नाहीत, खुणा नाहीत. रोज एकच प्रश्न स्वतःला विचारायचा: गेल्या २४ तासांत अ‍ॅलर्जीने मला एकूण किती बेजार केलं? आणि रेघेवर जिथे वाटेल तिथे उभी खूण करायची. मग डाव्या टोकापासून खुणेपर्यंत मिलिमीटर मोजायचे. ३७ मिलिमीटर आले तर आजचा आकडा ३७.

रेघेवर आधीच १ ते १० लिहून ठेवण्याचा मोह होतो. लिहू नका. आकडे दिसले की हात ५ वर जातो, पासापुरते मार्क देणाऱ्या परीक्षकासारखा.

पहिल्या आठवड्यात मी आणखी एक चूक केली. कालची खूण समोर ठेवून आजची केली. परिणाम असा, की सात दिवस आकडे ३० ते ३५ च्या मध्ये गुण्यागोविंदाने नांदले, आणि त्यातल्या एका रात्री तर मी तोंडाने श्वास घेत खुर्चीत बसून झोपलो होतो. तेव्हापासून रोज नवी चिठ्ठी. पंचवीस-तीस रेघांच्या चिठ्ठ्या एकदम कापून एका डब्यात ठेवल्यात. खूण मी करतो, मोजून कालनिर्णयावर बायको लिहिते. मी महिनाअखेरपर्यंत तिकडे बघत नाही (बघतो, पण कमी).

वेळ एकच ठेवा. ही सर्दी पहाटे जोरात असते आणि दुपारी बऱ्यापैकी सुटते. सोमवारी सकाळी आणि मंगळवारी दुपारी मोजलंत तर फरक घड्याळाचा असेल, औषधाचा नसेल. आमच्याकडे रात्री विरजण लावताना चिठ्ठीची आठवण होते. ज्या कामाला कधीच खाडा नसतो, त्याला हे काम बांधून टाका.

आकड्याचा अर्थ काय? एरिआच्या अलीकडच्या मार्गदर्शनात १०० पैकी ५० ही कामाची रेघ धरली आहे. औषध नीट घेऊनही आकडा ५० किंवा त्याच्या वर राहत असेल, तर नियंत्रण नाही, उपचार वाढवण्याचा विचार व्हायला हवा. ५० च्या खाली असेल तर आहे तेच चालू किंवा कमी करण्याचा विचार. २० च्या आत असाल तर छान चाललंय. मात्र काल ४१ आणि आज ४६ म्हणून घाबरायचं कारण नाही. साधारण २३ मिलिमीटरचा बदल अर्थपूर्ण धरावा असं अभ्यासांत दिसलंय. त्याच्या आतली चढउतार म्हणजे हाताची थरथर, नाहीतर बॉसचा फोन.

मोबाइलवर हीच गोष्ट करणारी अ‍ॅप्स आहेत. युरोपातून सुरू झालेलं ‘मास्क-एअर’ हे त्यांतलं सर्वांत गाजलेलं. तेही रोज अशाच रेघेवर बोट ठेवायला सांगतं. ज्यांना जमतं त्यांनी जरूर वापरावं. माझ्या फोनवर आधीच इतकी अ‍ॅप्स आठवण करून देतात, की मी कुणाचंच ऐकत नाही.

पायरी तिसरी: चार लक्षणांना वेगवेगळे मार्क

रेघेचा आकडा एकूण त्रास सांगतो, पण त्रास कसला ते सांगत नाही. त्यासाठी औषधांच्या चाचण्यांमध्ये वापरतात ती चार लक्षणांची पद्धत घ्या. शिंका, नाक गळणं, नाक चोंदणं, नाकात खाज. प्रत्येकाला ० ते ३.

० म्हणजे नाही. १ म्हणजे आहे, पण लक्ष जात नाही. २ म्हणजे लक्ष जातं, वैताग येतो, तरी सहन होतं. ३ म्हणजे सहन होत नाही, काम किंवा झोप बिघडते. बेरीज जास्तीत जास्त १२. डोळ्यांचं पाणी आणि चुरचुर असेल तर वेगळं लिहा, या बेरजेत मिसळू नका.

गेल्या ऑक्टोबरातला माझा एक दिवस: शिंका २, गळणं १, चोंदणं ०, खाज २. बेरीज ५. आणि जुलैतला एक: शिंका ०, गळणं १, चोंदणं ३, खाज १. बेरीज पुन्हा ५. पण हे दोन दिवस एकमेकांचे नातेवाईकसुद्धा नाहीत. ऑक्टोबरात मी शिंकत पण कामावर होतो. जुलैत रात्रभर तोंडाने श्वास घेऊन सकाळी घशाला कोरड आणि डोकं जड. म्हणून बेरजेच्या आधी चारही आकडे लिहा: शि २, ग १, चों ०, खाज २. डॉक्टर बेरीज नाही, हेच वाचतात.

का, तर औषधांचेही स्वभाव असतात. सेट्रिझिन, लेव्होसेट्रिझिन, फेक्सोफेनाडीन यांसारख्या गोळ्या शिंका, खाज आणि गळणं चांगलं आवरतात, चोंदलेल्या नाकापुढे त्यांचं फारसं चालत नाही. नाकात मारायचे स्टेरॉइड स्प्रे, म्हणजे फ्लुटिकासोन, मोमेटासोन वगैरे, चोंदण्यावरही काम करतात. ‘चों’ एकटंच ३ वर अडून बसलंय आणि औषध फक्त गोळी आहे, हे चौकटीत दिसलं की पुढचा प्रश्न काय विचारायचा हे आपोआप कळतं.

एक बारकावा. ‘गेल्या २४ तासांत’ आणि ‘आत्ता या क्षणी’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. रोजच्यासाठी पहिला. पण रात्रीची गोळी पुढच्या रात्रीपर्यंत पुरते का, अशी शंका असेल, तर आठवडाभर पुढची गोळी घ्यायच्या अगदी आधी ‘आत्ता’चे मार्क द्या. शेवटच्या दोन-तीन तासांत आकडा दर वेळी वर उडी मारत असेल, तर ते डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे. स्वतःच दिवसातून दोन गोळ्या सुरू करण्यासारखं नाही.

पायरी चौथी: औषधाचा खाडा लिहा

नवी माणसं इथेच चुकतात. ती त्रास लिहितात आणि औषध लिहीत नाहीत. आज आकडा १५ आला. काहीही न घेता १५, की गोळी, स्प्रे आणि डोळ्यांचे थेंब घेऊन १५? पहिला माणूस बरा आहे, दुसरा बांधून ठेवलेला आहे.

युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्ये दोन्ही एकत्र करायची रीत सुचवली. नाकाची चार आणि डोळ्यांची दोन अशा सहा लक्षणांची सरासरी, ० ते ३. त्यात औषधाचे मार्क मिळवायचे: काही नाही तर ०, अ‍ॅलर्जीविरोधी गोळी किंवा थेंब १, नाकाचा स्टेरॉइड स्प्रे २, पोटातून घ्यायचं स्टेरॉइड ३. एकूण ६ पैकी. ही रीत मुख्यतः संशोधनासाठी आहे. घरी एवढी गणितं नकोत, आकड्याशेजारी अक्षर लिहिलं तरी काम होतं. गो, स्प्रे, डो. घ्यायचं विसरलो तर ‘खा’. दुधाला लावतो तोच न्याय.

दोन औषधांना मात्र लाल पेनाने गोल करा.

पहिलं, नाक मोकळं करणारे थेंब किंवा स्प्रे, ज्यांच्या बाटलीवर ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन असं लिहिलेलं असतं. दोन मिनिटांत नाक उघडतं, आणि तिथेच घात होतो. तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त ओढलं की थेंबांचा असर उतरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, मग पुन्हा थेंब. मी मेडिकलमधून स्वतः आणून सात आठवडे हे केलं. उशाशी बाटली नसेल तर झोप लागत नव्हती. त्या काळात हा हिशेब असता, तर आठव्या-नवव्या दिवशीच लाल गोल आणि ‘चों ३’ शेजारी शेजारी दिसले असते.

दुसरं, माँटेलुकास्ट. आपल्याकडे लेव्होसेट्रिझिनबरोबर एकाच गोळीत ते सर्रास दिलं जातं. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर आपला सर्वांत कडक इशारा लावला: मनःस्थिती आणि वागण्यावर परिणाम होऊ शकतो, आणि नुसत्या नाकाच्या अ‍ॅलर्जीसाठी ते बाकी औषधं लागू पडत नसतील तरच द्यावं. म्हणून ही गोळी सुरू असेल तर शेऱ्यात झोप, भयानक स्वप्नं, चिडचिड, उदासी यांची नोंद ठेवा, मुलांच्या बाबतीत तर नक्कीच. असं काही दिसलं तर डॉक्टरांना लगेच फोन, पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

स्प्रेबद्दल थोडं. ‘स्प्रेने काही फरक पडत नाही’ हे लिहिण्याआधी दोन गोष्टी तपासा. तो रोज घेतलाय का? पूर्ण गुण यायला दोनेक आठवडे लागू शकतात. शिंका आल्या की फवारा, असा त्याचा उपयोग नाही. आणि मारता कसा? मान किंचित पुढे, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या, टोक मधल्या पडद्याकडे नाही तर बाहेर, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या दिशेने. हळू श्वास. तपकीर ओढल्यासारखं जोरात ओढलं तर औषध घशात जातं आणि तोंडात कडू चव तेवढी उरते. मी वर्षभर ती कडू चव म्हणजे औषधाचा गुण समजत होतो.

पायरी पाचवी: महिन्यातून एकदा दहा प्रश्न

रोजचा आकडा झाडं दाखवतो. रान बघायला महिन्याची प्रश्नावली लागते. अशा बऱ्याच आहेत. एकीत गेल्या आठवड्यावर सहा प्रश्न असतात, ३० पैकी मार्क, २१ किंवा कमी म्हणजे नियंत्रण नाही. दुसरीत दोन आठवड्यांवर पाच प्रश्न, २५ पैकी २० किंवा जास्त मिळाले तर बरं. मी वापरतो ती पोर्तुगालमध्ये तयार झालेली ‘कॅरॅट’, कारण ती नाकाबरोबर छातीलाही विचारते.

तिचा काळ गेल्या चार आठवड्यांचा. पहिले चार प्रश्न नाकाचे: चोंदणं, शिंका, खाज, गळणं. पुढचे सहा: दम लागणं, छातीत घरघर, श्रमाने छाती आवळणं, थकवा येऊन रोजची कामं अडणं, रात्री जाग, आणि औषध वाढवावं लागणं. कधीच नाही तर ३, आठवड्यातून एक-दोनदा २, त्याहून जास्त १, जवळजवळ रोज ०. (औषधाच्या प्रश्नाचे पर्याय थोडे वेगळे आहेत.) इथे जास्त मार्क म्हणजे चांगलं, रेघेच्या बरोबर उलट. पहिल्यांदा भरताना हमखास गफलत होते.

एकूण ३० पैकी २४ च्या वर हवेत. नाकाचे १२ पैकी ८ च्या वर. छातीकडचे १८ पैकी किमान १६.

माझी पहिली कॅरॅट: नाकाचे ४. अपेक्षितच. पण छातीकडे १४. मी म्हटलं चूक झाली, मला कुठे दमा? प्रश्न पुन्हा वाचले. श्रमाने छाती आवळते का? पर्वतीच्या १०३ पायऱ्या मी वर्षानुवर्षं चढतोय. अलीकडे मधल्या वळणावर थांबून खाली शहर बघायची सवय लागली होती. ‘दृश्य छान दिसतं’ असं मी सोबतच्यांना सांगत होतो. खरं तर श्वास पुरत नव्हता, आणि त्याला मी वय म्हणत होतो. मॅडमनी तो कागद बघून फुंकायची तपासणी केली, तेव्हा सौम्य दमा निघाला. नाक आणि फुप्फुसं एकाच नळीची दोन टोकं आहेत, हे एरिआवाले १९९९ पासून सांगतायत. मला ते कळायला १४ हा आकडा लागला.

शेऱ्याची चौकट

चार्ल्स ब्लॅकली नावाचा मँचेस्टरचा डॉक्टर स्वतः या सर्दीचा रोगी होता. चिकट काचांवर हवेतले परागकण धरून, ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजून, त्याने आपल्या त्रासाशी ताडून पाहिले आणि १८७३ मध्ये पुस्तकच काढलं. उंचावरच्या हवेत काय आहे बघायला त्याने काचा पतंगाला बांधून उडवल्या. एवढी उस्तवार आपल्याला नको, पण चौकटीत एक शब्द लिहायला काय जातं?

माझे शब्द असे असतात: माळा (दिवाळीची साफसफाई), गाद्या, ओल, उदबत्ती, फटाके, गवत. १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा लक्षात आलेलं गाजरगवत आता प्रत्येक रिकाम्या प्लॉटवर आहे, आणि गणपतीनंतर बाकीचं गवतही फुलोऱ्यावर येतं. पावसाळ्यात भिंतींना बुरशी, आणि दमट हवेत धुळीतले किडे गाद्या-उश्यांत सुखाने वाढतात. कोकणातल्या मंडळींना तर चार महिने गादीला ऊन दाखवायची सोय नसते. उदबत्ती, फोडणीचा खाट, फटाक्यांचा धूर यांची बहुधा अ‍ॅलर्जी नसते, ते आधीच सुजलेल्या नाकाला डिवचतात. लिहा मात्र दोन्ही.

ताप, अंगदुखी, घसा दुखणं असेल तर ते साधं पडसं. त्या दिवसांवर ‘प’ लिहा आणि हिशेबातून वगळा. नाहीतर व्हायरसच्या चार दिवसांपायी चांगलं चाललेलं औषध बदललं जातं.

पायरी सहावी: महिनाअखेरीला वाचायचं कसं

सरासरी काढू नका. ५० किंवा वरचे दिवस मोजा, किती आठवड्यांत ते चारपेक्षा जास्त होते ते बघा, आणि झोपमोडीच्या रात्री मोजा. ‘३० पैकी ११ दिवस ५० च्या वर, ६ रात्री मोडल्या’ हे वाक्य ‘सरासरी ४३’पेक्षा कितीतरी बोलकं आहे.

वाचताना दोन चकवे लागतात. आपण डॉक्टरकडे जातो ते सर्वांत वाईट आठवड्यात. त्यानंतरचा आठवडा काहीही केलं, काढा घेतला किंवा मंत्र म्हटला, तरी बहुतेक वेळा थोडा बरा जातोच. म्हणून नवं औषध सुरू केल्यावर पहिल्या चार दिवसांवर निकाल देऊ नका. शक्य असेल तर सुरू करण्याआधीचेही आठ-दहा दिवस नोंदलेले असावेत, म्हणजे तुलना कशाशी करायची ते कळतं.

दुसरा चकवा याच्या उलटा. ज्या दिवशी गोळ्या जास्त, त्या दिवशी आकडाही जास्त दिसतो. माझ्या एका मित्राने यावरून गोळीनेच त्रास वाढतो असा शोध लावला. त्रास वाढला म्हणून त्याने गोळी घेतली होती. मास्क-एअरच्या हजारो लोकांच्या नोंदींतही हेच चित्र आहे: बरेच जण त्रास झाला की औषध घेतात, बरं वाटलं की बंद करतात, आणि वाईट दिवशी औषधांचा ढीग घेऊनही तो दिवस फारसा सुधारत नाही. तुमच्या कॅलेंडरवर ‘खा, खा, खा, ५८ गो स्प्रे’ अशी नक्षी वारंवार दिसत असेल, तर औषध बदलून घेण्याआधी महिनाभर नियमित घेऊन बघा.

लहान मुलं

सहा-सात वर्षांच्या मुलाला रेघ कळत नाही. हसरा ते रडका अशी चार तोंडं काढून दिली तर चालतं, आणि कॅरॅटची ६ ते १२ वर्षांसाठी वेगळी आवृत्तीही आहे. त्याहून भरवशाचं म्हणजे तुम्ही बघा. तळहाताने नाक वर चोळतो का, तोंड उघडं टाकून झोपतो का, घोरतो का, डोळ्यांखाली काळं आहे का, वर्गात पेंगतो का. पेंगण्याचं खापर गोळीवरही असू शकतं. क्लोरफेनिरामाइनसारख्या जुन्या गोळ्या झोप आणतात, तेव्हा ‘शांत झोपला’ हे नियंत्रणाचं लक्षण धरू नका.

हे मोजत बसायचं नाही

एकाच नाकपुडीतून सतत गळणं किंवा एकाच बाजूचं चोंदणं, नाकातून वारंवार रक्त, चेहरा दुखून ताप, वास अजिबात न येणं, घरघर किंवा श्वास अडकणं. इथे चिठ्ठी, फूटपट्टी बाजूला ठेवून सरळ दवाखाना गाठा. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचं पाणी येत असेल तर आत शेंगदाणा, मणी असं काही अडकलेलं असू शकतं.

दवाखान्यात नेताना

एक कागद पुरे. वर महिना, मग ५० च्या वरचे दिवस, मोडलेल्या रात्री, सर्वांत चिवट लक्षण कुठलं, औषधांचे खाडे खरेखुरे, आणि कॅरॅटचे तीन आकडे. खाडे लपवू नका. ते लपवले की डॉक्टर चांगल्या औषधाला नापास करून महागडं औषध लिहितात, आणि तेही आपण बुडवतो. अख्खी वही उघडून दिवसादिवसाचं पुराण लावू नका, बाहेर माणसं बसलेली असतात.

आणि जानेवारीत नवं कालनिर्णय आलं की जुनं रद्दीत घालू नका. माझ्या गेल्या दोन वर्षांच्या चौकटींत पावसाळा सरतानाचा पहिला ५० च्या वरचा आकडा सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आहे, दोन्ही वर्षी. मॅडमना दाखवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, मग स्प्रे त्याच्या दोन आठवडे आधी सुरू करा. यंदा नवं कॅलेंडर भिंतीवर लावलं तेव्हाच सप्टेंबरचं पान उलगडून ५ तारखेच्या चौकटीत पेन्सिलीने ‘स्प्रे’ लिहून ठेवलंय, दुधाच्या रकान्याला धक्का न लावता.